हॉस्पिटलमधला बदल आणि गुणवत्ता: वॉर्डातून वारंवार येणारे प्रश्न

मी १८ वर्षं वॉर्डात आणि आयसीयूत सिस्टर होते. आता मुंबईतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात गुणवत्ता विभाग बघते. इतर हॉस्पिटलांतल्या इन्चार्ज सिस्टर, मेट्रन, नर्सिंग होम चालवणारे डॉक्टर आणि नव्याने क्वालिटीचं काम अंगावर पडलेली मुलं-मुली फोन करून जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं माझ्या अनुभवातली आहेत. जिथे जगभरातला पुरावा आहे तिथे तो दिला आहे.

गुणवत्ता सुधारणा म्हणजे एनएबीएचचं (हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या मंडळाचं) प्रमाणपत्र मिळवणं का?

नाही. प्रमाणपत्र हे तुमचं काम एका ठरावीक पातळीला पोचल्याचं बाहेरच्या माणसाने दिलेलं मत आहे. सुधारणा वॉर्डात होते आणि ती प्रमाणपत्राशिवायही होऊ शकते.

अॅव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये वैद्यकीय सेवेची गुणवत्ता तीन बाजूंनी बघायला सांगितली: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. तुमच्याकडे इन्फ्युजन पंप आहे, ही रचना. पंपावर औषधाचा वेग लावताना दुसरी सिस्टर तो तपासते, ही प्रक्रिया. चुकीच्या डोसमुळे कुणाला त्रास झाला नाही, हा परिणाम. आपल्याकडे बहुतेक पैसा पहिल्या गोष्टीवर जातो, कारण उद्घाटन पंपाचं करता येतं, तपासण्याच्या सवयीचं करता येत नाही.

एनएबीएच, एनक्यूएएस, कायाकल्प यांतलं आमच्यासाठी कोणतं?

सरकारी किंवा महापालिकेची संस्था असेल तर एनक्यूएएस. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची ही मानकं २०१३ पासून आहेत. स्वच्छता आणि संसर्ग नियंत्रणासाठी २०१५ मध्ये कायाकल्प आलं, प्रसूतिगृहासाठी २०१७ मध्ये लक्ष्य. खासगी आणि ट्रस्टची हॉस्पिटलं साधारण एनएबीएचकडे जातात. ५० खाटांपर्यंतच्या लहान हॉस्पिटलांसाठी एनएबीएचची वेगळी मानकं आहेत, त्यामुळे मुलुंड-बोरिवलीतल्या २५ खाटांच्या नर्सिंग होमने मोठ्या हॉस्पिटलाची जाडजूड यादी बघून घाबरायचं कारण नाही.

सुरुवात कुठून करावी?

ज्या गोष्टीने रुग्ण आणि स्टाफ दोघंही रोज वैतागतात, तिथून. आमच्याकडे ती गोष्ट डिस्चार्ज होती. तुमच्याकडेही बहुधा तीच असेल.

सकाळी साडेदहाच्या राउंडला सर म्हणतात, "यांना सोडा." कसाऱ्याहून आलेले नातेवाईक पिशव्या भरून बसतात, आणि घरी जायला संध्याकाळचे सहा वाजतात. मधल्या वेळात काय झालं? प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. वॉर्ड म्हणतो बिलिंग, बिलिंग म्हणतं टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे बघणारा मध्यस्थ), टीपीए म्हणतो समरीच (डिस्चार्जचा सारांश) आली नाही.

तेव्हा भांडण थांबवा आणि घड्याळ लावा. सलग २० डिस्चार्ज घ्या. सोडण्याचा निर्णय, समरी लिहून झाली, समरीवर सही, उरलेली औषधं फार्मसीत परत, बिल तयार, विमा कंपनीकडे पाठवलं, मंजुरी आली, रुग्ण खाटेवरून उठला, या आठ टप्प्यांची घड्याळातली वेळ कागदावर टिपा. सॉफ्टवेअर नको, पेन्सिल पुरे. आम्ही हे केलं तेव्हा सगळ्यांना वाटत होतं की वेळ विमा कंपनी खाते. प्रत्यक्षात सर्वात मोठी पोकळी निर्णय आणि समरी यांच्या मध्ये होती, कारण समरी लिहिणारा रजिस्ट्रार, म्हणजे सरांच्या हाताखालचा डॉक्टर, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) उभा होता. त्याचा दोष काहीच नव्हता. त्याला एकाच वेळी दोन ठिकाणी असायला सांगितलं होतं.

मग आदल्या संध्याकाळच्या राउंडला "उद्या जाण्याची शक्यता" अशी चार-पाच नावं फळ्यावर यायला लागली. त्या नावांच्या समरीचा कच्चा मसुदा रात्रीच तयार, नको असलेली औषधं रात्रीच परत. सकाळी सर फक्त बदल सांगून सही करतात. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार हॉस्पिटलकडून डिस्चार्जची विनंती पोचल्यावर ३ तासांत कॅशलेसची अंतिम मंजुरी द्यायची आहे. पण ते घड्याळ आपण कागद पाठवल्यावर सुरू होतं. आपणच दोन वाजता पाठवले, तर पाच वाजणारच.

एकदम सगळ्या हॉस्पिटलात लागू करू की एका वॉर्डात?

एका वॉर्डात, एका पाळीत, पाच रुग्णांवर. ठरवा, करून बघा, तपासा, दुरुस्त करा. वॉल्टर शूहार्ट आणि एडवर्ड्स डेमिंग यांच्या कामातून आलेलं हे चक्र क्वालिटीच्या प्रत्येक प्रशिक्षणात शिकवतात. शिकवताना एक गोष्ट राहून जाते. पहिल्या फेरीत बदल फसणं अपेक्षितच आहे. पाच रुग्णांवर फसला तर दुपारच्या चहाला बसून दुरुस्त करता येतो. सर्क्युलर काढून ३०० खाटांवर फसला, तर पुढची तीन वर्षं "ते करून बघितलं होतं, चालत नाही" हे ऐकावं लागतं.

स्टाफ बदलाला विरोध करतो. काय करावं?

या प्रश्नावर मी सर्वात जास्त बोलते, कारण इथेच सर्वात जास्त अन्याय होतो.

आधी या शहराचीच एक जुनी गोष्ट. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. घरांची झडती, रुग्णाला जबरदस्तीने उचलून नेणं, असे उपाय सुरू झाले. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर चालून गेला. तेच आजचं कस्तुरबा. रुग्णांना वेगळं ठेवण्यामागे वैद्यकीय कारण होतं, पण ज्यांच्यावर ते लादलं त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं. त्यानंतर काही महिन्यांतच, १० जानेवारी १८९७ ला, भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. एकाच शहरात, एकाच साथीत बदल आणण्याच्या या दोन तऱ्हा होत्या.

आता वॉर्डाकडे या. एका सिस्टरकडे रात्री १५-२० रुग्ण असतात. तिला आपण पडण्याच्या धोक्याचा फॉर्म दिला, बेडसोरचा दिला, वेदनेचा दिला, पोषणाचा दिला. प्रत्येक फॉर्म योग्य आहे. प्रत्येकाला "फक्त दोन मिनिटं" लागतात. आठव्या फॉर्मला ती नाही म्हणाली, की आपण मीटिंगमध्ये म्हणतो, "स्टाफची मानसिकता बदलत नाही." तिची मानसिकता उत्तम आहे. तिला रुग्णाजवळ जायचं आहे आणि आपण तिला टेबलाजवळ बांधलं आहे.

म्हणून माझा नियम असा आहे आणि मी तो मॅनेजमेंटपुढेही सोडत नाही: नवीन काम द्यायचं तर त्याच दिवशी एक जुनं काम काढून घ्यायचं. नवीन फॉर्म आला तर जुना गेला पाहिजे, नवीन रजिस्टर आलं तर दुसरं बंद झालं पाहिजे. आम्ही एकदा एका वॉर्डातली सगळी रजिस्टर टेबलावर मांडली आणि प्रत्येकासाठी विचारलं, हे शेवटचं कुणी आणि कशासाठी उघडून वाचलं? कित्येक रजिस्टरांचं उत्तर "लिहायचं असतं म्हणून लिहितो" एवढंच होतं. ती बंद केली. त्यानंतरच्या बदलाला त्या वॉर्डाने विरोध केला नाही. उलट इन्चार्ज सिस्टरनेच पुढचा बदल सुचवला.

ऑनररी सर (बाहेरून येणारे मानद डॉक्टर) ऐकत नाहीत.

सगळ्यांसमोर त्यांना नियम दाखवू नका. त्यांच्याच रुग्णांचे आकडे, एकट्यात, त्यांच्या ओपीडीनंतर दाखवा. "सर, तुमच्या रुग्णांना ऑपरेशनच्या आधीचं अँटिबायोटिक कधी मिळतं ते टिपलं. अर्ध्या जणांना ते चीर दिल्यावर मिळालंय." चीर देण्याच्या आधीच्या तासाभरात ते मिळायला हवं, हे सरांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. ते आपल्याकडे होत नाही, हे मात्र त्यांना खरंच माहीत नसतं. एक सर तयार झाले, की दुसऱ्यांशी त्यांनाच बोलू द्या.

सर्जिकल चेकलिस्ट आम्ही रोज भरतो. मग फरक का दिसत नाही?

कारण बहुधा तुम्ही ती भरता, बोलत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या या १९ मुद्द्यांच्या यादीत तीन थांबे आहेत: भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्ण ओटीबाहेर जाण्याआधी. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत, त्यात नवी दिल्लीही होती, ती वापरून बघितली. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. पुढे कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातल्या १०१ हॉस्पिटलांचा अभ्यास २०१४ मध्ये आला. तिथे चेकलिस्ट लागू झाल्यावर मृत्यूंमध्ये किंवा गुंतागुंतीत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता, कागदावर मात्र जवळपास सगळीकडे ती वापरली जात होती.

दोन्ही अभ्यास मी नव्या स्टाफला शेजारी शेजारी ठेवून दाखवते. माझ्या मते दुसऱ्याचा अर्थ चेकलिस्ट निरुपयोगी आहे असा नाही. तिची ताकद कागदात नाही, थांबण्यात आहे. तुमच्या ओटीत जाऊन बघा. 'टाइम आउट' म्हटल्यावर सगळ्यांचे हात थांबतात का? सर्जन आपलं नाव सांगतो का? की सिस्टर कोपऱ्यात उभी राहून ऑपरेशन संपल्यावर एकामागून एक टिक मारते? तसं असेल तर फॉर्म काही दिवस बाजूला ठेवा आणि मोठ्याने म्हणायचे तीनच मुद्दे निवडा: रुग्ण कोण, बाजू कोणती, अँटिबायोटिक दिलं का. तेवढं रुळलं, की बाकीचे आणा.

सगळ्यांना माहीत असूनही लोक हात का धूत नाहीत?

व्हिएन्नात १८४७ मध्ये इग्नाझ झेमेलवाईस यांनी प्रसूती विभागातल्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरातल्या १८ बाळंतिणी दगावत होत्या, जूनमध्ये साधारण २. एवढं स्पष्ट असूनही बरोबरच्या डॉक्टरांनी ते मनापासून स्वीकारलं नाही. पुरावा समोर असला म्हणजे माणसं सवय बदलतात, असं होत नाही.

आज पुराव्याबद्दल कुणाला शंका नाही, अडचण पावलांची आहे. हँडरबची (हातावर चोळायच्या जंतुनाशकाची) बाटली दाराजवळच्या भिंतीवर, रुग्ण खिडकीजवळ. एका पाळीत रुग्णाला स्पर्श करण्याच्या आधी आणि नंतर, प्रक्रियेच्या आधी, रक्त-लघवीशी संपर्क आल्यावर आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर, असे पाच प्रसंग पुन्हा पुन्हा येतात. दर वेळी दारापर्यंत कोण जाईल? बाटली खाटेच्या पायाशी अडकवा. हँडरबला २० ते ३० सेकंद लागतात, साबण-पाण्याला ४० ते ६०. पोस्टरवरचा खर्च थोडा कमी करून तो बाटल्यांकडे वळवा, आणि बाटली संपली की ती कोण भरणार त्या माणसाचं नाव ठरवा. आमच्या पहिल्या प्रयत्नात हेच राहिलं होतं. रिकाम्या बाटल्या आठवडाभर लटकत होत्या.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातही पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या गटाने असाच विचार केला. सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेतली नळी, घालताना पाळायच्या पाच गोष्टी ठरवल्या, लागणारं सगळं सामान एका ट्रॉलीवर आणलं आणि एखादी पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवायचा अधिकार सिस्टरला दिला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात १,००० कॅथेटर-दिवसांमागे (एक नळी एक दिवस आत राहिली, की एक कॅथेटर-दिवस) संसर्गाचं मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं, प्रमाण २.७ वरून शून्यावर आलं होतं. यातला शेवटचा भाग आपल्याकडे सर्वात अवघड आहे. "सर, थांबा" म्हणणाऱ्या सिस्टरच्या पाठीशी मेडिकल सुपरिंटेंडेंट त्याच दिवशी, सगळ्यांसमोर उभे राहणार असतील, तरच हा अधिकार द्या. नाहीतर तुम्ही तिला एकटी पाडाल.

चुका नोंदवायला सांगितल्या तर आमचे आकडे वाईट दिसतील ना?

हो, सुरुवातीला दिसतील, आणि ती चांगली खूण आहे. २०० खाटांच्या हॉस्पिटलात वर्षभरात एकही रुग्ण पडला नाही असं रजिस्टर सांगत असेल, तर माणसं सांगायला घाबरत आहेत, एवढंच त्यातून कळतं.

थोडक्यात टळलेल्या चुकांना मी जास्त जपते. माझ्या वॉर्डाच्या दिवसांत एका रात्री साध्या सलाइनच्या अँप्यूलऐवजी पोटॅशियम क्लोराइडचं अँप्यूल माझ्या हातात आलं. दोन्ही एकाच खणात, आकार सारखा, उजेड कमी. ते पातळ न करता शिरेतून गेलं तर हृदय थांबतं. मी लेबल पुन्हा वाचलं म्हणून टळलं. मी कुणालाही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मेमो मिळाला असता. तो खण तसाच राहिला आणि माझ्यानंतर त्या खणात हात घालणाऱ्या प्रत्येक मुलीला मी धोक्यात ठेवलं. ते मला आजही टोचतं. आता पहिल्या भेटीत मी विचारते, वॉर्डात पोटॅशियम क्लोराइड कुठे ठेवता? ते साध्या खणात असेल तर तिथून काढून कुलपात, लाल लेबलाखाली, शक्य असेल तर वॉर्डातूनच बाहेर.

कोणते आकडे ठेवावेत?

थोडे. तीन किंवा चार. आणि ते वॉर्डातच लागले पाहिजेत, फाइलमध्ये नकोत. संसर्ग मोजताना नुसती संख्या सांगू नका, १,००० कॅथेटर-दिवसांमागे सांगा. नाहीतर रुग्ण कमी होते तो महिना चांगला वाटतो. दर महिन्याचा बिंदू कागदावर काढा आणि मध्यकाची रेघ मारा. सलग सहा बिंदू रेघेच्या एकाच बाजूला आले तर खरंच काही बदललं असं समजा. एका महिन्याच्या चढउतारावर कुणाला शाबासकी किंवा मेमो देऊ नका.

मावशी आणि मामा (सफाई आणि मदतीचे कर्मचारी) कंत्राटी आहेत, सतत बदलतात. त्यांना कसं शिकवायचं?

त्यांच्या भाषेत, कामाच्या जागी, पहिल्याच दिवशी. जैववैद्यकीय कचऱ्याचं इंग्रजी पोस्टर ज्या मावशींसाठी आहे, त्या ते वाचू शकत नाहीत. आम्ही बादलीवरच वस्तू चिकटवल्या: लाल बादलीवर सलाइनची नळी आणि ग्लोव्हज, पिवळीवर ड्रेसिंगचा बोळा, निळीवर काचेच्या बाटलीचं चित्र, सुईच्या पांढऱ्या डब्यावर सुईचं चित्र. २०१६ च्या नियमांतले हेच चार रंग आहेत. एक दुरुस्ती मात्र वरच्यांसाठी: सुई लाल बादलीत टाकणारा हात बहुतेक वेळा डॉक्टरचा किंवा सिस्टरचा असतो आणि ती टोचते मावशींना. प्रशिक्षण आधी आमचं व्हायला हवं.

युनियनला कधी सांगावं?

आराखडा कच्चा असताना. पक्का झाल्यावर सांगितलं तर त्यांच्याकडे हो किंवा नाही एवढंच उरतं.

पाळी बदलताना माहिती निसटते.

रात्रपाळीची सिस्टर साडेसातची कर्जत लोकल डोळ्यांसमोर ठेवून ओव्हर (रुग्णांची माहिती पुढच्या पाळीला) देते आणि सकाळची लोकल उशिरा आल्यामुळे धापा टाकत ती घेते. टेबलाजवळ रजिस्टर वाचून दाखवण्यापेक्षा खाटेजवळ उभं राहून ओव्हर द्या: रुग्ण का आला, आता कसा आहे, कशाची काळजी वाटते, पुढच्या पाळीने काय करायचं. रुग्ण स्वतः ऐकत असतो आणि "सिस्टर, माझं पेनिसिलिनचं सांगितलं नाही" असं सांगून मोकळा होतो. पाळ्यांच्या वेळा १५ मिनिटं एकमेकांवर चढवा आणि त्या १५ मिनिटांचा हिशोब ड्युटीत धरा. हे फुकटात मागू नका.

संगणक आला तरी दोनदा लिहावं लागतं.

संगणकावर नोंद सुरू करायच्या दिवशीच जुनं रजिस्टर बंद होण्याची तारीख भिंतीवर लावा, मेडिकल सुपरिंटेंडेंटच्या सहीने. तारीख नसेल तर रजिस्टर कधीच बंद होत नाही.

बदल वर्षात कधी सुरू करावा?

मुंबईत जून ते सप्टेंबरमध्ये करू नका. डेंग्यू, मलेरिया, लेप्टोने वॉर्ड भरलेले असतात, जमिनीवर गाद्या असतात, रुळांवर पाणी आलं की एका पाळीचा स्टाफ दुसरी पाळीही करतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. असा दिवस पुन्हा आला तर कोण थांबणार, जेवण कुठून येणार, जनरेटर आणि ऑक्सिजन पाण्यापासून किती उंच आहे, एवढं मात्र मे महिन्यातच तपासा. बाकी सगळं दिवाळीनंतर.

तपासणीच्या आधी मागच्या तारखांची रजिस्टर भरून घेतात. सगळेच करतात ना?

करू नका. फ्रिजच्या तापमानाचा तक्ता एका बैठकीत, एकाच पेनाने, "४ अंश, ४ अंश" असा भरला जातो तेव्हा आत लस आणि इन्सुलिन असतं. ते २ ते ८ अंशांत राहिलं का, हे आता कुणालाच कळणार नाही. आणि ज्या नव्या मुलीला आपण ते भरायला बसवलं, ती त्या दिवशी शिकते की इथे कागद खोटा असतो. नंतर तिच्याकडून खरी नोंद कोणत्या तोंडाने मागणार? रिकामी जागा रिकामी ठेवा आणि तपासायला आलेल्यांना सांगा, "या तारखांना नोंद झाली नाही, अमुक तारखेपासून होते."

बदल टिकला हे कसं ओळखायचं?

रविवारी रात्री तीन वाजता वॉर्डात जा, न सांगता, कुणाला पकडायला म्हणून नाही. मी जाते तेव्हा ड्युटीवरच्यांसाठी चहा घेऊन जाते. बदल सुरू झाला तेव्हा इथे नसलेली एखादी सिस्टर शोधा आणि विचारा, हे असं का करता? "क्वालिटीच्या मॅडमनी सांगितलंय" असं उत्तर आलं तर काम बाकी आहे. मागच्या वेळी सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या एका मुलीने मला उलट विचारलं, "मॅडम, दुसऱ्या वॉर्डात हँडरब खाटेला लावत नाहीत का? मग तिथे काम कसं करतात?"